मुठीआडचे नाव

(मंडळाच्या विजयादशमीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज शस्त्रपूजनाचा दिवस. आमच्या संग्रहातील जपानी तलवारीविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. संग्रह म्हणावा असे आमच्यापाशी काही नाही. तलवार एकच आहे, आणि तीही आम्ही मिळवलेली नव्हे; ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेल्या आमच्या आजोबांनी ती घरी आणली. परंतु त्या एका तलवारीपायी जे वाचावे लागले, आणि आमच्या हातून जी एक चूक घडली, ती सांगण्याजोगी आहे असे वाटले, म्हणून आपल्यापुढे उभे आहोत.

जपानी तलवारीचे पोलाद लोहयुक्त वाळूपासून होते. मातीच्या भट्टीत ही वाळू आणि लोणारी कोळसा आळीपाळीने टाकीत तीन दिवस व तीन रात्री आग धगधगत ठेवावी लागते. त्यातून निघालेले पोलाद लोहार पुनःपुन्हा घडी घालून ठोकतो. त्यामुळे पात्यावर लाकडाच्या रेषांसारखा पोत उमटतो. मग पाठीवर मातीचा जाड लेप आणि धारेवर पातळ लेप देऊन ते तापवले जाते व पाण्यात विझवले जाते. धार झटकन निवते आणि कठीण होते. पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर जी धूसर लहर उमटते तिला ‘हामोन’ म्हणतात. तलवारीला तिची डौलदार वक्रताही बव्हंशी याच क्षणी लाभते.

आता, अशी तलवार जुनी आणि खरी आहे हे ओळखावे कसे? आपल्याकडे नागपूरकर रघूजी भोसले यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने 2025 साली लंडनच्या लिलावातून मिळवली, तिच्यावर सोन्याच्या अक्षरांत मालकाचे नाव आहे. पाते युरोपीय, मूठ आपल्याकडची; घडवणारा कोण, हे नाव सांगत नाही. जपानी तलवारीची रीत उलटी. तेथे नाव असते ते घडवणाऱ्याचे, आणि तेही मुठीच्या आत दडलेल्या भागावर. त्या भागास ‘नाकागो’ म्हणतात. बांबूची एक छोटी खुंटी काढली की मूठ निघते आणि नाव दिसते. तलवार मिरवणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला ते एरवी दिसत नाही.

नाव दिसले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. मोठ्या लोहारांच्या खोट्या सह्या शतकानुशतके कोरल्या गेल्या आहेत. 17व्या शतकातील कोतेत्सू याच्या नावाची इतकी पाती निघाली की जाणकार ते नाव पाहताच प्रथम शंका घेतात. उलट, सर्वश्रेष्ठ मानला गेलेला कामाकुराचा मासामुने स्वतः क्वचितच सही करी. शिवाय जुनी लांब पाती पुढे मुठीकडून कापून आखूड केली गेली, तेव्हा अस्सल सह्याही नाहीशा झाल्या. म्हणून जाणकार सहीवर विसंबत नाही. तो पोत पाहतो, हामोन पाहतो, बाक पाहतो, आणि सर्वांत शेवटी नाकागोवरचा गंज पाहतो. शतकांचा गंज गर्द, शांत आणि एकजीव असतो. त्याचे सोंग सहसा वठत नाही. या गंजाला हात लावू नये, तेल लावू नये, हा त्या शास्त्रातील पहिला नियम.

पारख करण्याचे हे काम जपानात होन्आमी घराण्याकडे वंशपरंपरेने होते. ते आपला निर्णय घडी घातलेल्या कागदावर लिहून देत. त्या कागदाला ‘ओरिगामी’ म्हणत. कागदाच्या घड्यांच्या खेळाचेही नाव तेच. जपानी भाषेत आजही एखाद्या गोष्टीच्या खातरीविषयी बोलताना ‘ओरिगामीसह’ असे म्हणतात. 1719 साली शोगुन योशिमुने याच्या आज्ञेवरून याच घराण्याने नामांकित तलवारींची यादी सिद्ध केली. आज हे काम प्रामुख्याने 1948 साली स्थापन झालेली जपानी कला-तलवार संरक्षण संस्था करते. तिचे परीक्षक मंडळ तलवार प्रत्यक्ष हाती घेऊन प्रमाणपत्र देते. छायाचित्रावरून ते मिळत नाही.

ही संस्था निघण्यामागे एक कटू पर्व आहे. 1876 मध्ये सरकारी हुकुमाने कमरेला तलवार लावण्याची मुभा संपली, तेव्हा लोहारांचा धंदा बसला. 1945 च्या पराभवानंतर तर तलवारी जप्तच होऊ लागल्या. तोकुगावा घराण्याची ‘होन्जो मासामुने’ ही राष्ट्रीय संपत्ती म्हणून गौरवलेली तलवार तोक्योतील पोलीस चौकीत जमा केली गेली. तिचा पत्ता आजतागायत लागलेला नाही. परंतु दुसरेही उदाहरण आहे. कागोशिमाच्या एका देवस्थानाची, कुनिमुने याने घडवलेली तलवार अशीच अमेरिकेत गेली होती. ती डॉक्टर वॉल्टर कॉम्प्टन या संग्राहकाच्या हाती आली. ती कोणाची, हे कळताच त्यांनी 1960 च्या दशकात ती मोबदला न घेता देवस्थानास परत केली.

आता आमच्या तलवारीकडे येतो. तिचे म्यान आणि मूठ युद्धकाळातील लष्करी बनावटीची आहे. त्या काळी अनेक अधिकाऱ्यांच्या कमरेला कारखान्यात घडलेली पाती असत. पण काहींनी घराण्यातील जुने पाते लष्करी मुठीत बसवून घेतलेले असे. आमचे कोणते? एका खंडेनवमीला कौतुकाने आम्ही खुंटी काढली, मूठ उतरवली, आत काळपट गंज पाहिला आणि शस्त्र स्वच्छ करावे या सद्‌बुद्धीने चिंच, रांगोळी व शेवटी पॉलिश पेपर घेऊन ते चकचकीत केले. दोन अक्षरे होती, ती पुसट झाली. मातोश्रींनी त्यावर हळदकुंकू वाहिले. आपण काय पुसून टाकले, हे समजायला आम्हांस पुढे कित्येक वर्षे लागली.

पुढे आजोबांच्या पदकांच्या डबीत एक मळकी कापडी पट्टी सापडली. शरणागतीच्या वेळी तलवारीला बांधलेली ती चिठ्ठी होती. जपानी शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी ती वाचून दिली : अधिकाऱ्याचा हुद्दा, त्याचे आडनाव आणि गावाचे नाव. आम्ही लहानपणापासून जिला ‘आमची’ तलवार म्हणत होतो, तिच्या मालकाने आपली वस्तू ओळखू यावी म्हणून आपले नाव लिहून ठेवले होते.

तलवार परत करावी, असे आम्हांस वाटते. पण सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला कायद्याची कलमे आधी आठवतात. पाते शंभर वर्षांहून जुने ठरले, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. कारखान्यातील ठरले, तर जपानात त्याची नोंदणी होत नाही आणि नोंदणीवाचून ते तेथे बाळगता येत नाही. या दोन भिंतींमधून वाट काढायची, तर पाते केव्हाचे व कसे घडले हे आधी ठरले पाहिजे. आणि ते सांगणाऱ्या पुराव्यातला मोठा भाग आम्ही स्वहस्ते घासून टाकला आहे. पोत व हामोन शाबूत आहेत, एवढीच आशा.

तूर्त आम्ही त्या गावाच्या कचेरीला पत्र लिहिले आहे. आपल्या गावच्या एका अधिकाऱ्याची तलवार येथे सुरक्षित आहे; कुटुंबीय असतील तर त्यांना कळवावे, आणि नाकागोचा गंज आमच्या अज्ञानामुळे गेला, त्याबद्दल क्षमा असावी, असा मजकूर आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

मंडळाच्या पन्नास वर्षांत आपण येथे येताना गावाकडून काय काय आणले! देव्हारे, पितळी समया, वाडवडिलांच्या वह्या, कोणाकडे एखादे शस्त्रही असेल. शस्त्र असेल तर येथील परवान्याचे नियम अवश्य पाहावेत. आणि सणाच्या उत्साहात काही घासायला घेण्यापूर्वी, ते कोणाचे, कोठून आले, हे घरातील वृद्धांना विचारून कागदावर उतरवावे. डबीतील चिंधी फेकू नये.

आज आमची तलवार पूजेच्या पाटावर आहे. तिच्याशेजारी ती कापडी पट्टीही आम्ही ठेवली आहे. फुले वाहताना दोहोंवर वाहावीत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.