मुंगळ्यांचे घर आणि घरातील ओल

मृगाच्या पहिल्या दोन-चार सरी पडून गेल्या की बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीसारख्या गावात संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे मुंगळे दिसू लागतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा तो मध्य प्रदेशातच राहिला. तथापि येथल्या अंगणांतून मराठी आणि पोवारी बोली काही हटली नाही. मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचे मरण जवळ आले, असे घरातील वडीलधारी माणसे अशा संध्याकाळी म्हणतात. नरांच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. मादीच्या बाबतीत मात्र ही म्हण अपुरी पडते. मीलन झाल्यावर मादी जमिनीवर उतरते, आपले पंख आपणच मोडून टाकते आणि ओल्या मातीत लहानसे बीळ करून त्यात स्वतःला कोंडून घेते. पंख गेले तरी पंख हलविणारे स्नायू तिच्या अंगात शिल्लक असतात. ते विरघळतात आणि त्यांच्यावर पहिल्या पिल्लांचे पोषण होते. अन्नासाठी ती बाहेर पडत नाही.

अशी एखादी राणी पकडून घरी मुंग्यांची वसाहत वाढविण्याचा छंद अलीकडे आपल्याकडेही रुजू लागला आहे. मोठा काळा मुंगळा त्यासाठी सोयीचा. त्याची राणी दीड सेंटिमीटरच्या आसपास लांब असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी सर्व काही पाहता येते. आरंभाला फार साहित्य लागत नाही. काचेची एक परीक्षानळी घ्यावी, तिचा तळाकडील तिसरा भाग पाण्याने भरावा, पाण्यापर्यंत कापसाचा घट्ट बोळा सारावा, मधल्या कोरड्या जागेत राणी सोडावी आणि तोंडाशी दुसरा, किंचित सैल बोळा बसवावा. नळी काळोखात ठेवावी. पाणी कापसातून झिरपत राहते आणि राणीला बिळातील ओल मिळते. महिना-दीड महिन्यात पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येतात. त्या आकाराने अगदी लहान असतात, कारण त्या उपाशी आईच्या अंगावर वाढलेल्या असतात. या काळात दर तासाला नळी उचलून पाहण्याचा मोह ज्याला आवरत नाही त्याची राणी पुष्कळदा आपलीच अंडी खाऊन टाकते.

खरी परीक्षा पुढे, घर बांधताना येते. मुंगीचे शरीर लहान, म्हणून त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा. आतील पाणी उडून जावयास वेळ लागत नाही. अंडी आणि अळ्या तर विशेष नाजूक. हे ऐकून नवशिक्या माणूस घर सगळेच्या सगळे भिजवून ठेवतो आणि येथेच त्याची चूक होते. जमिनीतील वारुळात सगळीकडे सारखी ओल कोठेही नसते. वर कोरडे, खाली ओले, आणि मधे हरतऱ्हेच्या पायऱ्या. कामकरी मुंग्या अंडी-अळ्यांना दमट खोलीत नेतात, कोशांना पुष्कळदा त्याहून कोरड्या व उबदार जागी मांडतात आणि हवा पालटली की सगळा संसार तोंडात धरून पुन्हा हलवितात. किती ओल हवी हे पाळणाऱ्याने ठरवावयाचे नाही. ओलीपासून कोरडेपणापर्यंतची जागा त्याने द्यावयाची, निवड मुंग्यांची.

ही गोष्ट हेरली ती शार्ल झाने या फ्रेंच अभियंत्याने. त्याच्या आधी इंग्लंडात सर जॉन लबक यांनी काचेच्या दोन तावदानांमध्ये माती भरून मुंग्या पाळल्या होत्या. हे लबक पेढीवाले. इंग्लंडातील नोकरदारांना बँकांच्या सुट्यांचा १८७१ चा कायदा त्यांच्यामुळेच मिळाला. १८७४ साली त्यांनी घरात आणलेली एक राणी १८८८ पर्यंत जगली. घरातला कुत्राही सहसा याहून जास्त जगत नाही, एवढे ध्यानात घेतले म्हणजे हा छंद पोरखेळ का नव्हे ते कळते. झाने याने मात्र माती काढूनच टाकली. प्लॅस्टरच्या ठोकळ्यात त्याने ओळीने खोल्या ओतल्या, त्यांवर काच ठेवली आणि एका टोकाला पाण्याचे टाके केले. प्लॅस्टर पाणी शोषते, ते ठोकळ्यातून पुढे सरकते. टाक्याशेजारची खोली दमट, शेवटची कोरडी. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची ही घरे मांडलेली होती. आपल्याकडे वनखात्यातील रॉबर्ट रॉटन यांनी १८९२ मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात येथील मुंग्यांविषयी लेखमाला लिहिली. घरच्या मुंग्यांकडे शास्त्राच्या नजरेने पाहण्याचा तो आपल्याकडील एक जुना आणि चांगला प्रयत्न होय.

झानेचे घर खैरलांजीतही एका दुपारीत करता येते. चपट्या डब्याच्या तळाशी मळलेल्या मातीचे, बोटभर उंचीचे चार-पाच गोळे चिकटवावेत आणि मातीच्याच वळ्यांनी ते एकमेकांना जोडावेत. हे गोळे म्हणजे उद्याच्या खोल्या आणि वळ्या म्हणजे वाटा. एका कडेला, खोल्यांपासून अंगठाभर अंतर सोडून, टाक्यासाठी आणखी एक गोळा ठेवावा. त्याला वाट जोडू नये. वरून प्लॅस्टर ओतावे. ते घट्ट झाले की ठोकळा उलटा काढून माती कोरून टाकावी आणि आठवडाभर तो चांगला वाळू द्यावा. ही घाई फार जणांना भोवते. वर काच, काचेवर लाल कागद. लाल उजेड मुंग्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून त्या आत निवांत राहतात. शेवटच्या कोरड्या खोलीतून नळीने बाहेरच्या डब्याकडे वाट काढावी. गुळाच्या पाण्याचा थेंब आणि मेलेला किडा तेथे ठेवावा, घरात नव्हे. दूधदुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून मुंग्यांना दूर राखण्याची रीत घरोघर आहे. त्याच वाट्यांत हा डबा ठेवला की आतल्या मुंग्या आत राहतात. प्लॅस्टर न मिळाले तर झिलई नसलेल्या फुटक्या माठाची खापरी तळाशी घालूनही काम भागते, कारण माठाला पाझर असतो.

या मुलखाचे ऋतू मात्र टोकाचे आहेत आणि पुस्तकातले माप येथे चालत नाही. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हवा करकरीत कोरडी होते आणि एरवी आठवडाभर पुरणारे टाके दोन दिवसांत आटते. त्यात हे लग्नसराईचे दिवस. घरची मंडळी चार दिवस परगावी जातात, घराला कुलूप लागते. परत येऊन पाहावे तो राणी कोरड्या खोलीत पाय आखडून पडलेली. ज्याला असे जावयाचे असेल त्याने टाक्यात कापसाची वात सोडून तिचे दुसरे टोक पाण्याने भरलेल्या बाटलीत ठेवावे आणि घर माजघरात, माठाच्या शेजारी, जमिनीवर ठेवावे. ओले प्लॅस्टर माठाप्रमाणेच थोडे थंड राहते, हा वरचा लाभ.

आषाढ-श्रावणात सारे उलटते. हवेतच इतकी ओल असते की टाक्यात पाणी घालणे जवळजवळ थांबवावे लागते. प्लॅस्टरवर बुरशी धरते, काचेच्या आतल्या बाजूस थेंब जमतात आणि असा एक थेंब अळ्यांच्या पुंजक्यावर पडला तर त्या त्याला चिकटून बुडतात. मे महिन्यात कोरडेपणाने मेलेल्या वसाहतींची हळहळ सगळे करतात. श्रावणात पाळणाऱ्याच्या मायेने बुडालेल्या वसाहतींचा हिशेब कोणी ठेवत नाही. ओलीचे माप दाखविणारे यंत्र कोणी घेतले तर ते आधी तपासावे. मिठात थोडे पाणी घालून त्याचा ओलसर लगदा करावा, तो वाटीत घालून वाटी व यंत्र एका झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवावे. सकाळी काटा शेकडा ७५ च्या जवळ असावयास हवा. नसेल तर जेवढा फरक तेवढे यंत्र खोटे.

मुंग्या स्वतः पाण्याचा बंदोबस्त किती बारकाईने करतात ते पाहिले की प्लॅस्टरच्या ठोकळ्याची फुशारकी राहात नाही. भारताच्या कोरड्या भागांतील डायाकॅमा जातीच्या मुंग्या बिळाच्या तोंडाशी पक्ष्यांची पिसे आणि मेलेल्या मुंग्या मांडून ठेवतात. पहाटे त्यांवर दव धरते आणि मुंग्या ते पितात. मार्क मॉफेट या संशोधकाने १९८५ मध्ये हे प्रसिद्ध केले. उड्या मारणारी, लांब जबड्यांची हार्पेग्नॅथॉस ही मुंगी उलट पुराशी झुंजते. वरच्या खोलीवर ती जाड घुमटाकार छत घालते, त्या खोलीभोवती मोकळी पोकळी राखते आणि आतल्या भिंतींना रिकाम्या कोशांचे तुकडे लावून घेते. तिच्या वारुळाची ही रचना १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली.

म्हणून आपल्या ठोकळ्याकडे रोज एकदा, सकाळी, लाल कागद उचलून पाहावे. अधिक वेळा नको. सारी अंडी-अळ्या टाक्याला लागून असलेल्या भिंतीशी दाटल्या असतील तर घर कोरडे पडले आहे, चमचाभर पाणी घालावे. त्या सगळ्या बाहेरच्या नळीत येऊन बसल्या असतील तर ओल फार झाली, पाणी बंद करून टाक्यावरचे झाकण काढावे. आणि राणी मधल्या खोलीत असेल, अळ्या एका बाजूस व कोश दुसऱ्या बाजूस लावलेले असतील, तर कागद हळूच पुन्हा ठेवून द्यावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्या घराला हात लावू नये.