लंडनमधील खाणावळ



सिलतऱ्याच्या या कारखान्यांच्या परिसरात पोलादाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या कित्येकांचे घर दूर आहे. पाळी संपली की त्यांच्यापुढे पहिला प्रश्न जेवणाचा उभा राहतो. म्हणूनच आज राधाबाई वनारसे यांच्याविषयी बोलावे असे मनात आले.

विदर्भात जन्मलेल्या राधाबाई शाळा शिकलेल्या नव्हत्या. पदरी मुली असताना वैधव्य आले, तेव्हा दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून त्यांनी दिवस काढले. पुढे लंडनमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थाशी पुनर्विवाह झाला. तेथेही वैधव्य पुन्हा वाट्याला आले. इंग्रजी अवगत नसलेल्या या बाईंनी मग गोल्डर्स ग्रीन भागात परमुलखात आलेल्या आपल्या माणसांच्या राहण्याजेवणाची सोय केली. इंग्लंडात 1940 साली सुरू झालेले शिधावाटप 1954 पर्यंत चालले होते. त्या टंचाईच्या काळानंतरच्या शहरात मराठी चवीचा स्वयंपाक रांधणे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना करावी. यथाकाल त्यांची स्वतःची घरे झाली. त्यांचे चरित्र सरोजिनी वैद्य यांनी ‘कहाणी लंडनच्या आजीबाईंची’ या नावाने लिहिले आहे.

‘आजीबाई’ हे नाव प्रेमाचे खरे. परंतु त्या प्रेमात एक गोष्ट झाकली जाते. या व्याख्यानाच्या पहिल्या खर्ड्यात मी त्यांना ‘अन्नपूर्णा’ म्हटले होते. नंतर तो शब्द खोडला. अन्नपूर्णा पैसे घेत नाही. राधाबाई घेत होत्या आणि घ्यावयासच हव्या होत्या. मुलींचा भार होता, परक्या देशात टिकून राहावयाचे होते. व्यवहार सांभाळूनही त्या पोरक्या मुलांना घर देऊ शकल्या, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आमच्या हिंदीभाषक शेजाऱ्यांना ही हकीकत सांगावयाची तर त्यांच्या धंद्याला काय म्हणावे? ‘भोजनालय’ म्हटले तर राहणे सुटते, ‘लॉज’ म्हटले तर चूल सुटते. ‘होटल’ शब्दाला मुक्कामाचा जिव्हाळा पेलत नाही. धुणावळ, शिवणावळ, दळणावळ ही आपल्याकडे मोबदल्याची नावे. ‘खाणावळ’ त्याच घडणीचा शब्द. त्यातही राहण्याची सोय येत नाही हे मान्य, पण कष्टाचे मोल त्यात आहे. म्हणून हिंदीतही मी ‘खाणावळ’च लिहिते, आणि संपादक दर वेळी समासात प्रश्नचिन्ह काढून पान परत पाठवितात.