काटा खरा, पण वाट?



हमालांच्या सभेत बोलण्याची मला सवय आहे. विद्वानांच्या व्यासपीठावर नाही. माझे शिक्षण मोंढ्यात झाले. पोत्यावरच्या छापाची अक्षरे जुळवीत मी वाचायला शिकलो. तेव्हा शिक्षणावर याने काय बोलावे, असे कोणास वाटले तर त्यात वावगे नाही. पण ज्याला उपास घडला, त्याला भाकरीविषयी बोलण्याचा थोडा अधिकार असतोच.

मराठवाड्यात शिक्षणाची वाट उशिरा उघडली. निजामी अमदानीत वरचे शिक्षण उर्दूतून. कुणब्याच्या मराठी पोराची भाषेपाशीच अडचण. १९४८ साली आपण मुक्त झालो आणि १९५० साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. त्याच साली औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे मिलिंद म्हणून नावाजलेले महाविद्यालय काढले. संन्यास घेण्यापूर्वी स्वामीजी ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत होते, हे येथे मुद्दाम सांगतो. शाळा आणि संघटना ही एकाच घरची भावंडे आहेत.

पुढे १९७० साली लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले, आणि तेथून 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजला. जादा तास, पुन्हापुन्हा चाचण्या, कसून मेहनत. मराठवाड्याची पोरे डोक्याने कमी नाहीत हे त्याने सिद्ध केले. त्याबद्दल मला अभिमान आहे. पण आज त्या मेहनतीचा मोठा बाजार झाला आहे. क्लासची फी, खोलीचे भाडे, खानावळ. एखादी आई तर घर सोडून पोरासाठी लातुरात दोन वर्षे स्वयंपाक करीत राहते. ज्याला हे झेपत नाही, त्याने काय करावे?

परीक्षा सर्वांना सारखीच, असे उत्तर मिळते. मी मोंढ्यातला माणूस, मला काट्याचे कळते. दोन पोती काट्यावर येतात. काटा खरा असतो. पण एक पोते वाटेत फाटून अर्धे सांडले असेल, तर काटा ते विचारीत नाही. तो फक्त 'कमी भरले' म्हणतो.

हे पोते कोठे फाटते? दसरा-दिवाळी झाली की कंधार-मुखेडकडची माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे सांभाळणारे कोणी नसले की पोरेही बरोबर. हजेरीपटावर नाव राहते, पोरगी फडात धाकट्याला सांभाळते. तिला पुढे गुण कमी पडले, तर ती मठ्ठ ठरते!

'कष्ट केले तर गरिबाचे पोरही वर येते', हे खरे आहे. त्या पोराला आपण शाल-श्रीफळ देतो. बाकीच्यांची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते: सरकारी महसूल रयतेच्या घामाचा, आणि विद्येचा खर्च वरच्या वर्गांवर. राजर्षी शाहूंनी करवीरात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. २००९ च्या कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बलांच्या मुलांसाठी आल्या. २०२४ साली राज्य सरकारने नियम बदलून अनेक खाजगी शाळांना त्यातून मोकळे केले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. मिळालेला हक्कही राखावा लागतो, हा आम्हा युनियनवाल्यांचा जुना धडा आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या. हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्याआधी सुरू व्हावीत, नंतर नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळेला शिक्षक पुरे मिळावेत. आणि तिसरी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे: प्रत्येक वस्तीत रात्री दिवा जळणारी एक अभ्यासिका. जागा आमची युनियन पाहील. शिकवायला या सभागृहातील शिकलेल्यांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत.

नावे आजच दाराशी वहीत लिहून घेणार आहे.