गल्लीचं गाऱ्हाणं सभागृहात

जेवणं उरकली असतील तर बसून ऐका, भांडी राहिली असतील तर घासता घासता ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. आपण मत देऊन ज्याला वर पाठवतो, तो तिथे जाऊन नेमकं करतो काय? एक आजी म्हणाल्या, "लग्नाला येतो, दहाव्याला येतो. बाकीचं त्यालाच ठाऊक." सगळ्या हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आज आम्ही एका लांबच्या देशातल्या खासदाराची गोष्ट सांगणार आहोत. देश आयर्लंड, शहर डब्लिन आणि माणसाचं नाव टोनी ग्रेगरी.

आयर्लंड म्हटलं की सिंधुदुर्गातल्या बायांना लिओ वराडकर आठवतील. वडील आपल्याकडचे, मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. मुलगा २०१७ मध्ये तिथला पंतप्रधान झाला आणि २०१९ च्या डिसेंबरात वराडला येऊनही गेला. टोनी ग्रेगरी मात्र पंतप्रधान सोडाच, साधे मंत्रीसुद्धा कधी झाले नाहीत. २७ वर्षं ते एकाच मतदारसंघातून अपक्ष म्हणून निवडून येत राहिले, आणि त्यांनी तिथे बसून काय केलं ते अजून लोक सांगतात.

तिथल्या लोकसभेला 'डॉल' म्हणतात. ग्रेगरी तिथे पोहोचले ते डब्लिनच्या जुन्या, पडक्या भागातून. शहराच्या मधोमध, नदीच्या उत्तरेला, गोदीला लागून असलेली ही वस्ती. बाप्ये गोदीत हमाली करायचे, जहाजातला माल पाठीवरून उतरवायचे. मग मोठमोठ्या लोखंडी पेट्यांमधून माल यायला लागला. एक क्रेन शंभर माणसांचं काम करू लागली आणि गल्ल्यागल्ल्यांतून माणसं घरी बसली. जुन्या वाड्यांमधल्या एकेका खोलीत एकेक कुटुंब. आपल्या मुंबईच्या चाळींत गिरण्या बंद पडल्यावर जे झालं, तेच तिथे गोदीमुळे झालं.

ग्रेगरींचा जन्म याच भागातला, १९४७ चा. वडील गोदीकडे कामाला, आई खेड्यातून शहरात आलेली, हॉटेलात वाढपीचं काम करणारी. त्यांच्या आईची एक गोष्ट सांगतात. एका खोलीत दोन मुलं घेऊन राहायची, म्हणून घरासाठी अर्ज करायला ती गेली, तर उत्तर मिळालं की सहा मुलं झाली की या. बायांनो, घर मागायला गेलेल्या बाईला हे उत्तर! शेवटी नवराबायकोनं पैसा पैसा जोडून जवळच एक लहानसं घर घेतलं. मुलगा शिकला, शिक्षक झाला, १९७९ मध्ये नगरसेवक झाला. आईला मिळालेलं ते उत्तर तो विसरला नसावा, असं आमचं आपलं मत.

आता १९८२ साल. त्या वर्षी जानेवारीत आयर्लंडचं सरकार पडलं, आणि कशावरून पडलं ते ऐका. अर्थसंकल्पात लहान मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर कर बसवायचं ठरलं होतं. काही अपक्ष खासदार म्हणाले, लेकरांच्या बुटांवर कर आम्हाला चालणार नाही. मतदान झालं आणि एका मतानं सरकार गेलं. फेब्रुवारीत निवडणूक झाली, ग्रेगरी पहिल्यांदा निवडून आले आणि कुठल्याच पक्षाला बहुमत मिळालं नाही. १६६ जणांच्या सभागृहात चार्ल्स हॉही यांच्या पक्षाचे ८१, विरोधातल्या गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्या पक्षाचे ६३. जो तो अपक्षांच्या मागे.

मग देशातले दोन सर्वांत मोठे पुढारी या नव्या खासदाराशी बोलायला लागले. ग्रेगरींचं ऑफिस समरहिल नावाच्या भागात, साधंसुधं, गल्लीतलंच. अशा वेळी माणूस काय मागतो ते आपण पाहिलेलं आहे. मंत्रिपद मागतो, महामंडळ मागतो, मेव्हण्याला ठेका मागतो. ग्रेगरींनी एक कागद काढला. त्यांचा भाऊ आणि वस्तीत वर्षानुवर्षं काम करणारे मिक रॅफर्टी आणि फर्गस मॅकेब हे साथीदार, सगळ्यांनी बसून तयार केलेला कागद.

त्या कागदाबद्दल आम्हाला जरा थांबून बोलायचं आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे. त्यात "गरिबांसाठी काहीतरी करावे" असं लिहिलेलं नव्हतं, आकडे होते. वस्तीतल्या ५०० बेकारांना काम. मतदारसंघात ४४० नवी घरं आणि बाकीच्या डब्लिनमध्ये आणखी १,६०० घरं. गोदीकडची २७ एकर जागा सरकारनं ताब्यात घ्यावी. शिवाय क्लोंडॉल्किन इथली बंद पडलेली कागद गिरणी सरकारनं चालवायला घ्यावी. ही गिरणी ग्रेगरींच्या मतदारसंघात नव्हती हो! शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती, तिथलं एक मतही त्यांना मिळणार नव्हतं.

आम्हाला आमचा पहिला अर्ज आठवतो. पाच वर्षांपूर्वी आम्ही पंचायतीला लिहिलं होतं, "आमच्या वस्तीत पाण्याची सोय करण्यात यावी ही नम्र विनंती." अर्ज घेतला, शिक्का मारला, कपाटात गेला. सोय म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी लिहिलं ते असं: घरं ३४, हातपंप १, तोही मार्चपासून कोरडा, बाया भल्या पहाटे उठून नदीच्या डोहावर जातात. तेव्हा त्या कागदाला उत्तर आलं. उत्तर आमच्या मनासारखं नव्हतं, पण आलं.

तर हॉहींनी त्या कागदावर सही केली. साक्षीदार म्हणून एका मोठ्या कामगार संघटनेचे सरचिटणीस मायकेल मलन यांनी सही केली. आणि ९ मार्च १९८२ ला, पंतप्रधान निवडायच्या दिवशी, ग्रेगरी सभागृहात उभे राहिले आणि तो करार त्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. किती घरं, किती माणसांना काम, सगळं. सभागृहात बोललेलं छापून ठेवलं जातं. बंद खोलीतलं बोलणं उद्या कुणी नाकारू शकतं, पण छापलेलं कसं नाकारणार? हॉही पंतप्रधान झाले. त्या कागदाला 'ग्रेगरी डील' असं नाव पडलं ते आजतागायत.

हे करताना ग्रेगरींनी गळ्यात टाय बांधलेला नव्हता. सगळे सूटबूट, टाय घालून, आणि हे बिनटायचे. म्हणायचे, माझ्या मतदारांतल्या कित्येकांना टाय परवडत नाही. शेवटपर्यंत घातला नाही. आमच्यातल्या एकीला हे नाटक वाटतं. ती म्हणते, आमचे पुढारी गांधी टोपी घालून काय कमी करतात? असेल. पण टोपी घालणाऱ्यानं पुढे काय केलं ते पाहायचं, तसंच बिनटायवाल्याचंही पाहू.

सगळं गोड झालं नाही, हे सांगायलाच हवं. ते सरकार वर्षभरसुद्धा टिकलं नाही. नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक, दुसऱ्यांचं सरकार, आणि करारातल्या बऱ्याच गोष्टी कागदावरच राहिल्या. गोदीकडच्या त्या जागेवर पुढे बँका आणि वित्त कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. घरं काही झाली, पण जेवढी लिहिली होती तेवढी नाहीत.

टीकाही भरपूर झाली. एका माणसाच्या मतासाठी देशाची तिजोरी एका वस्तीवर का उधळायची? तेवढ्याच गरीब दुसऱ्या वस्तीनं काय करायचं, तिचा खासदार अडवणूक करण्याच्या जागी नव्हता म्हणून? हा प्रश्न आम्हाला खोटा वाटत नाही. आमच्या गटात यावर भांडण झालं. एक बाजू म्हणाली, पिढ्यानपिढ्या ज्यांना काही दिलं नाही त्यांनी एकदा मान पकडली तर चुकलं कुठे? दुसरी म्हणाली, शेजारच्या गावाचं धरणाचं पाणी असंच कुणीतरी मान पकडून वळवलं, तेव्हा आपण रडलो ना? मिटलं नाही ते भांडण. चहा झाला आणि घरी गेलो.

पण ग्रेगरी त्या एका दिवसावर थांबले नाहीत. अडवणुकीची ताकद गेल्यावरही ते तिथे होते, आणि आम्हाला त्यांचं हे नंतरचं काम जास्त मोलाचं वाटतं.

डब्लिनच्या मूर स्ट्रीट, हेन्री स्ट्रीट या बाजारांच्या रस्त्यांवर बाया फळं, भाजी, फुलं विकतात. आईचा धंदा लेकीकडे, लेकीचा नातीकडे. जुन्या बाबागाडीत माल भरायचा आणि ढकलत न्यायचा. पोलीस आले की बाबागाडी घेऊन पळायचं. परवान्याचे नियम कडक झाले, माल जप्त व्हायला लागला. आठवडी बाजारात बसणाऱ्या आपल्या बायांना यातला शब्द न् शब्द कळेल. १९८५ मध्ये या बायांसोबत ग्रेगरी रस्त्यावर ठिय्या देऊन बसले. पकडले गेले. पुन्हा असं करणार नाही अशी हमी लिहून द्या आणि जा, असं कोर्ट म्हणालं. त्यांनी लिहून दिली नाही. १९८६ च्या जानेवारीत निवडून आलेला खासदार दोन आठवडे माउंटजॉय तुरुंगात जाऊन बसला. बाबागाडीवर सफरचंदं विकणाऱ्या बायांसाठी.

दुसरी गोष्ट गर्दची. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डब्लिनच्या या वस्त्यांत गर्द यायला लागली. बेकार पोरं, रिकामे हात, आणि जिन्याखाली पुडी विकणारा. कित्येक घरांत दोन दोन, तीन तीन मुलं गेली. पोलिसांचं लक्ष नाही, वर्तमानपत्रांना त्या वस्तीचं काय पडलेलं? शेवटी आईबापांनीच संघटना केली, पुडी विकणाऱ्यांच्या दारांवर मोर्चे नेले. ग्रेगरी त्या सभांना, मोर्चांना जायचे आणि तेच बोलणं घेऊन डॉलमध्ये उभे राहायचे.

तिथेही आपल्या विधानसभेसारखी प्रश्न विचारायची पद्धत आहे. आपल्याकडे तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी असते. तिथे खासदार मंत्र्याला लेखी प्रश्न देतो, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि प्रश्नासकट उत्तर छापलं जातं. ग्रेगरींचं एक म्हणणं वर्षानुवर्षं चालू होतं. पुडी विकणाऱ्या पोराला पकडून काय होणार? ज्याच्याकडे काही कामधंदा नाही आणि तरी बंगला आहे, घोडे आहेत, त्याला विचारा की हे आलं कुठून. त्याच्या मालमत्तेला हात घाला.

बराच काळ हे त्या एका वस्तीचं रडगाणं समजलं गेलं. मग २६ जून १९९६ ला व्हेरोनिका गेरिन या पत्रकार बाईंना डब्लिनजवळ भर रस्त्यात, गाडीत बसलेल्या असताना गोळ्या घालून मारलं. अमली पदार्थांच्या टोळ्यांबद्दल त्या लिहीत होत्या. देश हादरला. जे गल्लीतल्या आया दहा-पंधरा वर्षं सांगत होत्या, ते एका रात्रीत देशाचं संकट झालं. त्याच वर्षी कायदा झाला आणि ऑक्टोबरात एक नवीन खातं उभं राहिलं. त्यात पोलीस, कर खात्याचे लोक आणि समाजकल्याण खात्याचे लोक एकाच ऑफिसात बसतात. गुन्हा शाबीत होण्याची वाट न बघता, संपत्ती गुन्ह्यातून आलेली दिसते असं कोर्टाला पटवून ती गोठवता येते. बंगला कुठून आला, हे मग त्या माणसाला सांगावं लागतं. हे खातं अजून चालू आहे आणि इतर देशांनीही त्याचा अभ्यास केला.

आम्हाला एक टोचतं. त्या आयांची मुलं गेली तेव्हा कायदा झाला नाही. एक नावाजलेली बाई गेली तेव्हा झाला. पण झाला तेव्हा काय करायचं हे शोधत बसावं लागलं नाही, कारण कुणीतरी ते आधीच सभागृहात पुन्हा पुन्हा बोलून ठेवलेलं होतं. त्या वस्तीत बकिंगहॅम स्ट्रीटवर गर्दमुळे गेलेल्यांचं स्मारक आहे. दर नाताळात तिथे एक झाड उभं करतात आणि गेलेल्या मुलांच्या नावानं त्यावर तारे लावतात.

टोनी ग्रेगरी २ जानेवारी २००९ ला कर्करोगानं गेले. वय ६१. त्यांच्या जागी पोटनिवडणुकीत त्यांच्याच गटातल्या, वर्षानुवर्षं सोबत काम केलेल्या मॉरीन ओसलिव्हन निवडून आल्या. त्याही शिक्षिका, त्याही अपक्ष.

आमच्या त्या आजींना आम्ही ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, आणि एवढंच विचारलं, "मग त्या घरांचा कागद आता कुठाय?" आहे, आजी. ९ मार्च १९८२ चं सगळं बोलणं डॉलच्या छापील इतिवृत्तात आहे. कुणीही काढून वाचू शकतं. आपल्या विधानसभेचीही छापील कार्यवाही असते. तुमच्या आमदारानं तुमच्या तालुक्याबद्दल शेवटचा प्रश्न कधी विचारला, ते तिथे सापडेल. आमच्या गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलींनी आमच्यापुरतं ते शोधायला घेतलंय. काय सापडतं ते पुढच्या वेळी इथेच सांगू. नमस्कार.