दोन थर जिथे टेकतात

बिस्मथ टेल्युराइड आतून वीज अडवतो, पण पृष्ठभागावरून वाहू देतो. अशा पदार्थाला टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात. 2014 मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी त्याचा पातळ थर आयर्न टेल्युराइडवर चढवला. दोघांपैकी एकाचाही नमुना एकटा अतिवाहक नव्हता. पण दोघे जिथे टेकले तिथे, उणे 261 अंश सेल्सिअसच्या आसपास, विजेचा रोध नाहीसा झाला! असं का झालं, यावर वाद चालू आहे.

अशा सांध्यात मायोराना नावाची विलक्षण अवस्था मिळेल आणि तिच्यावर क्वांटम संगणक उभा राहील, ही आशा. 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये तसा दावाही आला. चुंबकीय टोपोलॉजिकल इन्सुलेटरवर नायोबियमची पट्टी ठेवली होती, आणि मोजमापात अर्ध्या पायरीची खूण दिसली होती. केवढा गाजावाजा झाला! 2020 मध्ये दुसऱ्या गटाने तसेच नमुने बनवून पाहिले, तर ती खूण मायोरानाशिवायही, साध्या विद्युत जोडणीमुळे दिसत होती. पुढे मूळ मोजमापांतच विसंगती निघाली आणि 2022 मध्ये लेख मागे घेतला गेला.

तुमच्यापैकी जे भौतिकशास्त्राकडे जाणार आहेत, त्यांनी 2017 चा लेख जरूर वाचावा. पण आधी 2020 चा.