वाफेचे स्नान : एक विसरलेला वारसा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते दरवर्षी वर्गाला शाही किल्ल्यात नेत. हमामखान्याच्या रंगीत छताखाली उभे करून विचारीत, "येथे पाणी आले कोठून आणि ते तापवले कोणी?" प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर बुऱ्हाणपूरच्या मुलाला सहज देता येई. सातपुड्याकडून झिरपणारे भूमिगत पाणी कुंड्यांच्या रांगेतून शहरात आणणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात उभा राहिला. उत्तरार्धाचे उत्तर शोधण्यात मात्र माझी पुष्कळ वर्षे गेली.

हा हमाम मुमताज महलसाठी होता, असे आपल्याकडे सांगतात. ती याच शहरात १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात निवर्तली. ज्या घराण्याजवळ ऊन पाण्याची, संगमरवराची वाण नव्हती, त्याच्या राणीलाही प्रसूतीने सोडले नाही. म्हणूनच स्नान, ऊब आणि बाळंतीण यांचा विचार केवळ चैनीचा नाही.

आमच्या घरी थोरल्या बहिणीची खोली अजून डोळ्यांपुढे आहे. बाजेखाली शेगडी, तीवर ओवा आणि बाळंतशोपांची धुरी, खिडक्या घट्ट बंद. बाळ खोकत होते. मी नुकताच महाविद्यालयात गेलेला, आजीला हसलो आणि म्हणालो, "हे सारे अडाणीपण आहे." आजी काही बोलली नाही. धूर तसाच राहिला आणि माझा उद्धटपणाही.

गुरुजींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी चरकसंहिता पुढे ठेवली. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात स्वेदनाचे तेरा प्रकार आहेत. त्यांतील 'जेंताक' म्हणजे सोळा हात उंच-रुंद, गोल, अनेक खिडक्यांची खोली, मध्ये भट्टी. सरपण पूर्ण जळून धूर निघून गेल्यावरच आत जावयाचे, बाहेर येताच थंड पाण्याला हात लावावयाचा नाही. गर्भवती, तहानलेला, भुकेलेला अशांना स्वेदन वर्ज्य. बौद्ध विनयग्रंथांतही भिक्षूंसाठी 'जंताघर' आहे आणि जीवक वैद्याने त्याची शिफारस केल्याचे सांगितले आहे. म्हणजे आजीची ऊब परंपरेची होती. कोंडलेला धूर परंपरेचा नव्हता. मी दोन्ही एकाच शब्दाने फेकून दिली होती.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर जगाने केली. मेक्सिकोतील नाहुआ लोकांचे 'तेमाझकाल' हे वाफेचे घर. सुईण बाळंतिणीला तेथे नेई. सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मोपदेशकांनी त्याची नोंद केली, पण ते त्याकडे संशयाने पाहत. उत्तर अमेरिकेतील लाकोटा लोक विलोच्या लवचिक फांद्यांच्या घुमटीत तापलेल्या दगडांवर पाणी ओतून 'इनिपी' करतात. तेथे हे स्नान प्रार्थनाही असते. १८८३ साली अमेरिकन सरकारच्या नियमांनी मूलनिवासींचे अनेक विधी आणि वैदूंचे उपचार गुन्हा ठरवले. धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण देणारा कायदा १९७८ साली आला. मधल्या पिढ्यांना आपलेच ज्ञान लपवून ठेवावे लागले.

दुसरी चूक याच्या उलट आहे. २००९ साली ॲरिझोनात, मूलनिवासी नसलेल्या एका आयोजकाने पैसे घेऊन अशा घुमटीत माणसे कोंबली. तिघांचा मृत्यू झाला. दगड आणि पाणी उचलून नेता येते. परंतु कोणाला आत घ्यावे, कोणाला बाहेर काढावे हे सांगणारे वडीलधारे माणूस उचलून नेता येत नाही. चरकाचे निषेध आणि सुईणीची नजर हेच त्या विद्येचे हृदय होय.

विद्यार्थिमित्रांनो, सातपुड्यातील कोरकू, बारेला वस्त्यांत किंवा आपल्या माजघरात एखादी रीत दिसली, तर हसण्यापूर्वी थांबा आणि पूजण्यापूर्वीही थांबा. कोणते निषेध सांगितले होते आणि धूर निघून जाण्यास वाट होती का, हे विचारा.

हमामातील पाणी तापवणाऱ्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. माझ्या आजीचेही नाव कोठे लिहिलेले नाही. तिच्या त्या मौनाची क्षमा मी आज, गुरुजींच्या स्मृतीसमोर, मागतो.