मसल कार : खरी कोणती, सजवलेली कोणती?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, "अमेरिकेत तू नेमकं काय करतोस, ते पाच मिनिटांत सांग." तर मी जुन्या गाड्यांची किंमत ठरवून देतो. त्यातही मसल कारची. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या गाडीत कंपनीनेच बसवलेलं दांडगं इंजिन. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून ही लाट आली. पुढे विम्याचे वाढते हप्ते आणि प्रदूषणाचे नियम यांनी ती ओसरली.

तरुणांनी या गाड्या पळवायलाच घेतल्या. त्यामुळे इंजिन बदललेलं, चाकं रुंद केलेली, रंग दुसरा, हे नेहमीचंच. अशा बदलाने गाडी खोटी ठरत नाही. बदल लपवून विकली, तर मात्र ती फसवणूक.

माझ्या एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीला त्यांची १९६७ ची शेव्हरोले शेव्हेल विकायची होती. 'एसएस ३९६' ही पाटी, बॉनेट, इंजिन, सगळं जागेवर. आपल्या आरसी बुकात चॅसिस नंबर असतो ना, तसा नंबर या गाडीच्या दाराच्या खांबावर असतो. त्या वर्षीच्या अस्सल एसएसचा नंबर १३८ ने सुरू होतो. हिचा १३६ ने होता. म्हणजे कारखान्यातून ती मालिबू म्हणून निघाली होती. एसएसचा साज नंतर चढला. त्या पैशांतून त्यांना घराचं कर्ज फेडायचं होतं, आणि एक गिऱ्हाईक एसएस समजून पैसे मोजायला तयारही होतं. तरी त्यांनी जाहिरातीत लिहिलं, 'मालिबू, एसएससारखी सजवलेली.' किंमत बरीच कमी आली. पण घेणाऱ्याला काय घेतोय ते ठाऊक होतं.

१९६९ पासून शेव्हेलमध्ये एसएस हा जादा पैसे भरून घ्यायचा पर्याय झाला, त्यामुळे नुसत्या नंबरावरून कळत नाही. मग कारखान्याचा कागद, मूळ पावती आणि इंजिनावर ठोकलेला गाडीच्या नंबराचा भाग पाहतो. तो घासून पुन्हा ठोकणारेही असतात. म्हणून भिंगाखाली कारखान्यातल्या यंत्राच्या मूळ रेघा शोधतो.

याउलट 'बुलिट' चित्रपटातली स्टीव्ह मॅक्विनची १९६८ ची मस्टँग पाहा. चित्रीकरणासाठी तिच्यात बदल केलेले. पुढे एका कुटुंबाने ती रोजच्या कामाला वापरली. नवी कोरी न करता, होती तशीच ती जानेवारी २०२० मध्ये लिलावात आली आणि सुमारे ३७ लाख डॉलरना गेली. चित्रपटाची कीर्ती होतीच. पण ही तीच गाडी, हे नंबर आणि कागदपत्रांनी सिद्ध झालं होतं.

तुमच्यापैकी कोणाच्या दारात वडिलांची जीप, पद्मिनी किंवा जावा असेल, तर हौसेने हवे ते बदल करा. फक्त काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नका, पावत्या जपा, आणि काय कधी बदललं ते एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या पिढीला ती गाडी ठेवायची असो वा विकायची, ती वही उपयोगी पडेल.